डार्क चॉकलेट खायचंच, तर कसं? निवड, माप आणि थोडा हिशोब

‘डार्क चॉकलेट तब्येतीला चांगलं’ असं कुणी म्हटलं की मी तीन प्रश्न विचारतो. कुठलं? किती? आणि कशाच्या जागी? बहुतेकांकडे पहिल्या दोनांची उत्तरं अंदाजे असतात, तिसऱ्याचं नसतंच. खरी मेख तिथेच आहे. संशोधकांनी प्रयोग केले ते मुख्यतः कोकोवर, आणि आपण खातो ती कोको, साखर आणि स्निग्धांश एकत्र करून बनवलेली वडी. दोघांचं नातं आहे, पण ते वाटतं तितकं जवळचं नाही.

मी स्वतः बहुतेक दिवस संध्याकाळी दोन तुकडे खातो, त्यामुळे मी काही चॉकलेटचा शत्रू नाही. पण ‘औषध म्हणून खातो’ असं स्वतःला सांगणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमानं आहे, ज्या क्रमानं मी ही सवय लावून घेतली.

पायरी १: आधी अपेक्षा नेमकी करा

कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हॅनॉल नावाचे घटक भरपूर असतात. त्यांतलं एपिकॅटेचिन सर्वांत महत्त्वाचं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला ते मदत करतं. नायट्रिक ऑक्साइडमुळे वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिनी थोडी रुंदावते आणि रक्ताला वाट मोकळी होते. कोकोच्या फायद्यांबद्दल जे काही भरवशाचं सांगता येतं, त्यातलं बरंचसं या एका यंत्रणेभोवती फिरतं.

या विषयाला चालना मिळाली ती पनामाच्या किनाऱ्यालगतच्या सान ब्लास बेटांवरून. तिथल्या कुना लोकांचा रक्तदाब उतारवयातही फारसा वाढत नाही, असं दिसून आलं होतं. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी त्याचा माग काढला. तीच माणसं शहरात राहायला गेली की त्यांचाही रक्तदाब इतरांसारखा वाढायला लागायचा, म्हणजे संरक्षण रक्तातून आलेलं नव्हतं. बेटावर ते दिवसाकाठी कित्येक कप कोको प्यायचे आणि शहरात ती सवय सुटायची. अर्थात शहरात गेल्यावर माणसाचं इतरही बरंच काही बदलतं. त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण दिशा मात्र यातून मिळाली.

पुढे नियंत्रित प्रयोग झाले. २०१७ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात कोकोमुळे वरचा आणि खालचा, दोन्ही रक्तदाब सरासरी पाऱ्याच्या पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास उतरल्याचं दिसलं. आकडा खरा आहे आणि लहान आहे. ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त होता त्यांच्यात परिणाम जास्त दिसला, ज्यांचा ठीक होता त्यांच्यात जवळपास नाहीच. हे मला पटतं. जे बिघडलेलंच नाही ते सुधारणार तरी कसं?

सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतला, ‘कॉसमॉस’ नावाचा. २१,४४२ वयस्कर स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण निष्क्रिय गोळ्या, असं साधारण साडेतीन वर्षं चाललं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगानंही आलेली असू शकते इतपतच होती. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणाऱ्या मृत्यूंमध्ये मात्र २७ टक्के घट आढळली. हा प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून संशोधकांनीही ते जपूनच मांडलं. आणि एक गोष्ट बातम्यांमध्ये नेहमी गळते: त्यांनी कॅप्सूल दिल्या होत्या. एवढे फ्लॅव्हॅनॉल साध्या चॉकलेटमधून रोज मिळवायचे, तर त्याबरोबरची साखर आणि चरबीच आधी महागात पडेल.

मधुमेहाचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या पाहणीत, आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळलं. मिल्क चॉकलेटच्या बाबतीत असं काही दिसलं नाही, उलट त्याचा संबंध वजनवाढीशी लागला. ही निरीक्षणात्मक पाहणी होती. डार्क चॉकलेट आवडणारी माणसं एरवीही वेगळी खात-पीत असू शकतात. संशोधक अशा गोष्टींचा हिशोब धरतात, पण तो पूर्ण कधीच लागत नाही.

स्मरणशक्तीबद्दल निकाल संमिश्र आहेत. कॉसमॉसच्या एका शाखेत, ज्यांचा आहार आधीच निकृष्ट होता त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. दुसऱ्या शाखेत कोकोचा काहीच परिणाम दिसला नाही. मूड सुधारतो म्हणतात, तर त्यात चवीचा आणि आवडत्या गोष्टीच्या आनंदाचा वाटा किती, हे वेगळं काढणं फार अवघड.

वजन कमी होतं हे मात्र डोक्यातून काढून टाका. २०१५ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम एक तकलादू प्रयोग रचला. जेमतेम पंधरा माणसं, अठरा वेगवेगळी मोजमापं, म्हणजे कुठलं ना कुठलं तरी ‘सिद्ध’ होणारच. चॉकलेटमुळे वजन लवकर उतरतं, हा निष्कर्ष एका नियतकालिकानं छापला, जगभरच्या वृत्तपत्रांनी उचलला, आणि मग त्यानं स्वतःच सगळं उघड केलं. तेव्हापासून चॉकलेटबद्दलची खूप गोड बातमी दिसली की मी आधी माणसांची संख्या शोधतो.

पायरी २: तुम्हाला चालतं का, हे पाहा

निरोगी प्रौढाला थोडं डार्क चॉकलेट सहसा बाधत नाही. पण खालच्यांपैकी काही लागू होत असेल तर थांबा.

मूतखड्याचा त्रास होऊन गेलाय आणि तो ऑक्झलेटचा होता? कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची सवय लावू नका. छातीत जळजळ होते, आंबट पाणी वर येतं? चॉकलेटनं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडू शकते, त्यामुळे निदान झोपायच्या आधी नको. अर्धशिशी असणाऱ्यांपैकी काहींना चॉकलेटनं डोकं उठतं असं वाटतं. मात्र दुखणं सुरू होण्याआधीच गोड खायची ओढ लागते, असंही अनेकदा घडतं, म्हणून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ओळखायला महिनाभर नोंद ठेवा.

गर्भवतींनी दिवसभराचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. वीस ग्रॅम डार्क चॉकलेटमधून साधारण १६ मिलिग्रॅम येतं, म्हणजे ते एकटं फार नाही. पण चहा-कॉफीत मिळवून मोजा. त्यांच्यासाठी आणि लहान मुलांसाठी कॅफिनपेक्षा मोठा प्रश्न धातूंचा आहे, त्याबद्दल पुढे.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच राहील. पावणेदोन मिलिमीटरच्या भरवशावर गोळी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ३: वेष्टन उलटं करा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागे माहिती. म्हणून मी चॉकलेट उचललं की आधी उलटं करतो.

*टक्केवारी.* ७० टक्के म्हणजे वजनाचा ७० टक्के भाग कोकोच्या बीपासून आलेला. त्यात कोकोचा गर आणि कोको बटर, दोन्ही धरतात. उरलेले ३० टक्के जवळपास सगळी साखर. म्हणजे शंभरातून टक्केवारी वजा करा, साखर कळली. ५० टक्क्यांच्या वडीत निम्मी साखर असते, तरी तिच्यावरही ‘डार्क’ असंच लिहिलेलं असतं. मी ७० च्या खाली उतरत नाही.

आता इथली गोम. फ्लॅव्हॅनॉल असतात कोकोच्या कोरड्या, तपकिरी भागात. कोको बटरमध्ये जवळपास नसतातच. दोन कंपन्यांच्या ७० टक्क्यांच्या वड्यांपैकी एकीत गर जास्त आणि दुसरीत वरून घातलेलं कोको बटर जास्त, असं असू शकतं. ओळखायचं कसं? टक्केवारी सारखी असेल तर दोघींचा स्निग्धांश ताडून पाहा. जिच्यात तो कमी, तिच्यात कोरडा कोको जास्त.

*घटकांचा क्रम.* घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिलं नाव कोको मास, कोको सॉलिड्स किंवा कोको लिकर असावं. पहिलं नाव साखर असेल तर ती वडी जागेवर ठेवून द्या. पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते बहुधा खरं चॉकलेट नव्हे, कंपाउंड आहे, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं तेल वापरलेली वडी. कोको बटरमधल्या स्निग्धांशाचा साधारण तिसरा हिस्सा स्टिअरिक आम्लाचा असतो, आणि संपृक्त असूनही ते वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. वनस्पती तेलांच्या मिश्रणाबद्दल हे म्हणता येत नाही.

*अल्कली.* हा मुद्दा बहुतेक जण ओलांडून पुढे जातात, आणि माझ्या मते टक्केवारीनंतर सर्वांत महत्त्वाचा हाच. कोकोचा आंबट-तुरटपणा घालवायला, रंग गडद करायला त्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन यांनी ती रूढ केली, म्हणून तिला ‘डच’ प्रक्रिया म्हणतात. चव गुळगुळीत होते आणि फ्लॅव्हॅनॉल जातात. सौम्य प्रक्रियेतही निम्म्याहून जास्त, तीव्र प्रक्रियेत जवळपास सगळे. घटकांमध्ये ‘अल्कलीप्रक्रिया केलेला कोको’, पोटॅशियम कार्बोनेट किंवा कोकोशेजारी ५०१ हा आकडा दिसला तर समजा, ज्यासाठी तुम्ही हे घेताय तेच धुऊन निघालंय. म्हणूनच काळाकुट्ट रंग हा गुणाचा दाखला धरू नका. पुष्कळदा तो उलटच असतो.

अल्कली नसली तरी बिया आंबवताना आणि भाजताना फ्लॅव्हॅनॉल घटतातच, आणि किती उरले हे बहुतेक कंपन्या छापत नाहीत. त्यामुळे वेष्टन वाचून नेमका आकडा कळणार नाही, पण ज्यांत काहीच उरलेलं नाही अशा वड्या नक्की वगळता येतात.

‘शुगर फ्री’बद्दल एक वाक्य: त्यात बहुधा माल्टिटॉल हा साखरेचा पर्याय असतो, ज्यानं रक्तातली साखर कमी प्रमाणात का होईना वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

पायरी ४: माप ठरवा आणि वजन करा

७० ते ८५ टक्क्यांच्या शंभर ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम स्निग्धांश, २४ ग्रॅम साखर आणि ११ ग्रॅम तंतू असतात. मॅग्नेशियम २२८ मिलिग्रॅम, लोह सुमारे १२ मिलिग्रॅम. हे शेवटचे आकडे दाखवून पुष्कळ लेख चॉकलेटला पोषणाचं भांडार ठरवतात. पण शंभर ग्रॅम कुणी खायचं नसतं. शिवाय ज्या पॉलिफेनॉलांसाठी (फ्लॅव्हॅनॉल त्यांतलेच) आपण कोको खातो, तेच त्यातलं लोह नीट शोषलं जाऊ देत नाहीत. लोहासाठी चॉकलेट खाणं हा निव्वळ बहाणा आहे, गोड असला तरी.

मी १० ते २० ग्रॅम सुचवतो. वीस ग्रॅम म्हणजे सुमारे १२० कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर. याहून कमी मापही वाया जात नाही. जर्मनीत झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४४ जणांपैकी काहींनी रोज फक्त ६.३ ग्रॅम डार्क चॉकलेट १८ आठवडे खाल्लं. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी २.९ मिलिमीटरनं उतरला, वजन वाढलं नाही. प्रयोग छोटा होता, तरी एका लहान तुकड्याच्या बाजूनं तो बोलतो.

घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एकदा तुकडा वजन करून बघा. वडीचं एकूण वजन भागिले तुकड्यांची संख्या, एवढंही पुरे. अंदाजानं खाणारा माणूस नेहमी स्वतःच्या बाजूनं अंदाज करतो.

आणि आता तो तिसरा प्रश्न: कशाच्या जागी? हे २० ग्रॅम नेहमीच्या जेवणावर वरून पडले तर वर्षाला त्रेचाळीस हजारांवर कॅलरी जास्तीच्या झाल्या. जेवणानंतरच्या गोडाच्या किंवा संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी आले, तर तुमची साखर उलट घटेल. चॉकलेटनं झालेला फायदा बऱ्याचदा या अदलाबदलीचाच असतो असं मला वाटतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

पायरी ५: जीभ हळूहळू वळवा

मिल्क चॉकलेटवरून थेट ८५ टक्क्यांवर उडी मारणारे आठवड्यात परत फिरतात. ५५ पासून सुरुवात करा, दोन आठवड्यांनी ६५, मग ७०. कडवटपणाची सवय होते, आणि गंमत म्हणजे नंतर जुनं आवडतं चॉकलेट तोंडात धरवत नाही इतकं गोड लागतं.

खाताना चावू नका. तुकडा जिभेवर ठेवा, विरघळू द्या. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळतं, म्हणून चांगलं चॉकलेट तोंडात आपोआप पसरतं, मेणासारखं चिकटत नाही. एक तुकडा असा दोन-तीन मिनिटं पुरतो. चावून खाल्ला तर वीस सेकंदांत संपतो आणि हात पुन्हा वेष्टनाकडे जातो.

वेळ तुम्हाला सोयीची कुठलीही. फक्त झोप हलकी असेल तर रात्री उशिरा नको. कॅफिन थोडं असलं तरी त्याच्यासोबत थिओब्रोमिन हे कॅफिनसारखंच उत्तेजक द्रव्य भरपूर असतं, आणि ते शरीरात कॅफिनपेक्षा जास्त वेळ रेंगाळतं.

पायरी ६: कॅडमियम आणि शिसं

कोकोचं झाड मातीतलं कॅडमियम मुळांवाटे ओढून बियांमध्ये साठवतं. शिसं बहुधा नंतर चिकटतं, बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून. दोन्ही कोरड्या कोकोत असतात, म्हणजे टक्केवारी जितकी जास्त तितका हाही धोका जास्त. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं २०२२ च्या अखेरीस २८ डार्क चॉकलेटं तपासली, तेव्हा सगळ्यांत दोन्ही धातू सापडले. त्यांपैकी २३ अशी होती, की रोज एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) खाल्लं तर प्रौढ माणूस निदान एका धातूची त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडेल.

घाबरण्याआधी हिशोब करू. युरोपीय संघात ५० टक्के किंवा अधिक कोको असलेल्या चॉकलेटमध्ये किलोला ०.८ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालतं. समजा तुमची वडी नेमकी त्या मर्यादेवर आहे. मग रोजच्या २० ग्रॅममधून १६ मायक्रोग्रॅम, आठवड्याला ११२. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरवलेली साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०. तीन चतुर्थांश कोटा एकट्या चॉकलेटनं संपला, आणि कॅडमियम धान्यातून, पालेभाज्यांतूनही येतंच. बहुतेक वड्यांत ते यापेक्षा कमी असतं, पण तुमच्या हातातल्या वडीत किती हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मी तीन गोष्टी पाळतो. एकाच कंपनीचं, एकाच प्रदेशातल्या कोकोचं चॉकलेट वर्षानुवर्षं खात नाही, आलटून पालटून घेतो. ७० ते ७५ टक्क्यांवर थांबतो, ९० च्या मागे लागत नाही. आणि आठवड्यातले दोन दिवस कोरडे ठेवतो. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत मी रोजचा नेम सुचवणारच नाही. त्यांना अधूनमधून, लहान तुकडा.

पायरी ७: केवळ फ्लॅव्हॅनॉल हवेत? मग पावडर पाहा

साखर आणि चरबी टाळायची असेल तर अल्कलीप्रक्रिया न केलेली, बिनसाखरेची कोको पावडर जास्त कामाची. तिचा रंग फिकट, तांबूस तपकिरी असतो आणि चव चांगलीच तुरट. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१२ मध्ये असा दावा ग्राह्य धरला, की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवायला मदत करतात. त्यासाठी अडीच ग्रॅम पावडर किंवा १० ग्रॅम चॉकलेट पुरतं, पण दोन्ही खास जास्त फ्लॅव्हॅनॉल राखलेली. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं २०२३ मध्ये अशाच पावडरीबद्दल सावध शब्दांतला दावा छापायला हरकत घेतली नाही, मात्र पुरावा ‘अत्यंत मर्यादित’ आहे हे सोबत लिहायची अट घातली. नेहमीच्या चॉकलेटला तो दावा लागू नाही.

पावडर गरम पाण्यात किंवा दुधात, साखर न घालता ढवळा. दुधानं फायदा जातो का, यावर संशोधकांचं एकमत नाही. मी दुधातच घेतो. धातूंचा मुद्दा पावडरीलाही लागू आहे, म्हणून सपाट चमचाभर पुरे.

पायरी ८: ठेवायचं कसं

कोरडी, अंधारी जागा, १६ ते २० अंश तापमान. त्याहून गरम होत असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण हवाबंद डब्यात, कारण कोको बटर आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आतलं चॉकलेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर दव धरतं, साखर विरघळून वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पांढुरकी पावडर किंवा पट्टे दिसले तर ती सहसा बुरशी नसते, वर आलेली साखर किंवा कोको बटर असतं. खायला चालतं, फक्त चव आणि पोत उतरलेला असतो.

घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. माणूस थिओब्रोमिन सहज पचवतो. कुत्र्याच्या शरीरात त्याचा निचरा फार सावकाश होतो. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होऊ शकतो, आणि शंभर ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये ते ८०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला २५ ग्रॅमसुद्धा पुरतात. खाल्लंच तर उलटी किंवा थरथर सुरू व्हायची वाट पाहू नका. उरलेलं वेष्टन हातात घेऊन पशुवैद्याला फोन लावा. किती टक्क्यांचं होतं आणि किती ग्रॅम गेलं, हेच तो पहिल्यांदा विचारेल.